पाव तास बाहेर

सांगली
रविवार, ३१ ऑगस्ट २०२५

समीक्षा,

फोन उचलायचा न्हाई असं ठरवलंस व्हय? बरं. मग आता हे वाच. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतंय. हॉस्टेलच्या रजिस्टरातनं तुझा पत्ता उतरवून घेतला. वडूजच्या पुढं बारा किलोमीटर, ओढ्याकाठची वस्ती. पोस्टमन मेंढरं बघून माघारी फिरला न्हाई म्हंजी मिळवली.

आधी कामाचं सांगतो. अठरा सप्टेंबरला कमिटी येणार हाय. तीन जणं. त्यांच्या समोर तू गोळे करून दाखवायचे. जमलं तर तुझं नाव शाबूत. न्हाई जमलं तर पीएचडीची नोंदणी रद्द, आन् मे महिन्यात छापून आलेला पेपर माघारी घ्यायचा. तुझ्या गाईड संयोगिता मॅडमनी तसं लिहून नोटीस बोर्डावर न्हाई लावलं, पण पाकीट मीच ऑफिसात नेऊन दिलं, आन् ते पाकीट काय डिंकानं चिकटवलेलं नव्हतं.

तेव्हा यायचं. रडगाणं न्हाई पाहिजे. पाच वर्षं घातलीस, आन् आता आईबापाच्या मेंढरांमागं काठी घेऊन हिंडतीस? ती मेंढरं तुझ्याशिवाय बी चरतील.

तुझ्या हाताला दोष न्हाई, हे मी तुला छातीवर हात ठेवून सांगतो. बावीस वर्षं गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून काढली. शिराळ्यापासनं कऱ्हाडापर्यंत माझ्या हातच्या गुळाची ढेप लोकं नुसत्या रंगावरनं वळखत व्हती. गुऱ्हाळं बंद पडली म्हणून तुमच्या औषधाच्या कॉलेजात शिपाई झालो, बाटल्या धुतोय, पण कुठला हात कामाचा आन् कुठला नुसता हलतोय, हे मला बघताक्षणी कळतं. तुझे ते जिलेटिनचे गोळे, खसखशीएवढे, साध्या पाण्यात गप पडून राहणारे आन् पोटातल्या आंबट पाण्यात गेले की उलगडून औषध सोडणारे, ते अकरा खेपा माझ्या डोळ्यादेखत बसलेत. अकरा! अल्सरनं पोट धरून बसलेल्या माणसाच्या पोटात नेमकं जखमेपाशी औषध सोडायचं, एवढा मोठा इचार तुझ्या डोक्यातनं आला. ते काय असंच वाया जाऊ द्यायचं?

बावीस तारखेचं म्हणशील, तर तवा माझ्या हातात चहाचा ट्रे व्हता. मॅडम तुला म्हणाल्या, "तुझा पेपर वाचून दिल्लीच्या लोकांनी करून बघितलं, त्यांना जमत नाही, आता तुला स्वतःलाही जमत नाही. हे आकडे तू खोलीत बसून लिहिलेस का?" तू माझ्याकडं वळलीस. "तात्या, तुम्ही सांगा ना. तुम्ही बघितलंय." मी कप मोजत उभा राहिलो. नोकर माणूस साहेबांच्या बोलण्यात तोंड घालत नसतो, एवढं तरी समजून घे.

अठराला ये. मी असलो की गोळे बसतील. बस्स.

तात्याबा


सांगली
बुधवार, ३ सप्टेंबर २०२५

समीक्षा,

काल तुझ्या वडलांना फोन लावला. बिरदेव भला माणूस हाय. म्हणाला, "आवं तात्या, काय सांगू. पोरगी सकाळी मेंढरं सोडती ती दिवस कलल्यावरच येती. कुणाचं नाव काढलं तर माझ्याच अंगावर येती. तिनं खोटं केलंय व्हय ओ, तात्या?"

बापानं मला हे इचारलं, समीक्षा. मी म्हटलं, "न्हाई. तुमच्या पोरीनं खोटं केल्यालं न्हाई." तो म्हणाला, "मग कुणी केलं?" त्येच्यावर मी हॅलो हॅलो करून फोन ठेवला.

मी लय इचार केला. जुलैपासनं गोळे का बसंनात? एक तर पाऊस. हवेत ओल धरली की जिलेटिनची भुकटी बी ओल धरती. दुसरं पाणी. कृष्णेला पूर आला की नळाला कसलं पाणी येतं, तुला ठाव हाय. तू म्हणशील आपण नळाचं पाणी वापरत न्हाई, डिस्टिल वापरतो. ते बी खरं. तिसरं म्हंजी यंत्र. ते तळाशी फिरणारं लोहचुंबक मधीच अडखळतं, मी स्वतः बघितलंय.

तर माझं असं म्हणणं हाय. तू अठराला ये. काय बी बदलू नको. नेहमीसारखं जिलेटिन कोमट पाण्यात विरघळव, ते पीएचचं मीटर बुडव, आकडा वहीत लिही. कमिटी म्हणंल त्याला हो म्हण. मग गोळे धरून ठेवणारं ते बांधणीचं औषध वजन करून आणायला वरच्या मजल्यावर जाशील ना, तशीच जा. कमिटीला चहाला मी खाली नेतो. पाव तास तेवढा खोलीत कुणी थांबू नका. तू आलीस की पुढचं तुझं तू, थंड तेलात थेंब सोडायचं. गोळे बसलेले बघून त्या तिघांचं तोंड कसं हुतंय बघ.

चंद्राबाई शेजारी गवारी मोडत बसलीया. मी लिहिलेलं वाचून म्हणाली, "हे काय लिहिलंय तुमी? पोरीला मदत करताय का तिच्या पायात पाय घालताय?" म्हटलं, तुला लॅबमधलं काय कळतंय. तर म्हणती, "मला लॅब कळत न्हाई, नवरा कळतो." चाळीस वर्षं झाली, या बाईनं एक दिवस माझं ऐकलं असंल तर शपथ.

उत्तर धाड. दोन ओळी खरड, पण धाड.

तात्याबा


सांगली
गुरुवार, ११ सप्टेंबर २०२५

समीक्षा,

तुझं कार्ड काल आलं. एकच ओळ. "पाव तास मी बाहेर जायचं म्हणजे काय, तात्या?"

व्हाट्सॅपवर इचारलं असतंस तर मी काय तरी थाप मारली असती. कार्डावर तुझं अक्षर बघितलं आन् मारवेना.

तर ऐक. आंबट रसाचा गूळ बसत न्हाई. उसाचा रस काहिलीत चढला, की भेंडीचं पाणी घालून मळी वर आणायची, ती काढायची, आन् मग चुन्याची निवळी घालायची. निवळी म्हंजी चुना पाण्यात कालवून ठेवल्यावर वर जे निव्वळ पाणी राहतं ते. आंबटपणा मारतं. कमी पडली तर गूळ चिघळतो, ढेप धरत न्हाई. जास्त झाली तर काळा पडतो. किती घालायची हे कुठं लिहिलेलं नसतं. दर फडाचा ऊस येगळा, दर दिवसाचा रस येगळा. गुळव्या बोट बुडवतो, जिभेला लावतो, आन् मालकाकडं पाठ करून निवळी सोडतो. पाठ करायचीच. माझ्या चुलत्यानं मला हे काम शिकवलं, पण माप त्यानं बी सांगितलं न्हाई. म्हणायचा, माप सांगितलं की मालक दुसऱ्या दिवशी पोरगा उभा करतो काहिलीवर आन् गुळव्या घरी. मी सहा वर्षं त्येच्या पाठीकडं बघून शिकलो.

गेल्या वर्षी जानेवारीत तुझी पहिली खेप फसली. दुसरी बी फसली. गोळे नुसते शेंबडासारखे लिबलिबीत. साध्या पाण्यात टाकले की तासाभरात गायब. तू टेबलावर डोकं ठेवून बसलीस. मग बांधणीचं औषध आणायला वर गेलीस, आन् मी त्या काचेच्या भांड्याजवळ गेलो. वास घेतला. बोट बुडवून जिभेला लावलं. आता ओरडू नको! जनावराच्या कातड्याचं असलं म्हणून काय झालं, मी काय माळकरी न्हाई. चव लागली आंबट. चक्क आंबट, कच्च्या उसाच्या रसासारखी.

चुन्याची डबी माझ्या खिशात असतीच, पानाची. कपात पाणी घेऊन कालवली, निवळू दिली, थेंब थेंब सोडली आन् जीभ लावत गेलो. जीभ म्हणाली बास, तवा थांबलो. तू आलीस, औषध घातलंस, तेलात थेंब सोडलेस. आन् गोळे बसले. घट्ट, गोल, खणखणीत! तू नाचलीस. मला पेढा दिलास. नऊ वर्षं हातात काहिल नव्हती, समीक्षा, नुसते बाटल्या घासायचे ब्रश. त्या दिवशी माझा हात मेला न्हाई हे मला कळलं. मला केवढा आनंद झाला हे तुला कसं सांगू.

आन् मग दर खेपेला तेच. अकराच्या अकरा खेपा. तू आंबटपणा मोजायचीस तो माझ्या आधी. नंतर मीटर कुणी बुडवलाच न्हाई, म्हणून तुझ्या वहीत पाच आकडा आन् भांड्यात भलतंच. या जुलैत मॅडमनी परत करून बघायला सांगितलं, तवा मी शिराळ्याला. नागपंचमीला आमच्या तालुक्यातला माणूस कामावर थांबत न्हाई, तू जाणतीस. तुझी खेप फसली. मी माघारी आलो तवा मॅडम स्वतः खोलीत खुर्ची टाकून बसलेल्या. त्यांच्या समोर निवळी घालायची कशी? मी गप राहिलो. ऑगस्टच्या चारी खेपा फसल्या, मी गप राहिलो.

नोकरी जाईल म्हणून गप राहिलो, असं चंद्राबाईला सांगितलं. ते खोटं हाय. नोकरीची मला तेवढी फिकीर न्हाई. तुझं नाव जात व्हतं आन् मी माझं माप धरून बसलो व्हतो. एकदा तोंड उघडलं की ते मीटरवरचा आकडा हुणार, आन् मग ते कुणाचं बी. माझं काय राहणार? असला इचार करत मी कप मोजले, आन् तू माझ्याकडं बघत उभी व्हतीस. मला लाज वाटती. लिहिताना बी वाटती.

आज सकाळी मॅडमच्या केबिनमधी गेलो आन् सगळं सांगितलं. त्यांना वाटलं मी तुला वाचवायला काय तरी रचतोय. म्हणाल्या, "करून दाखवा." केलं. आंबट जिलेटिन, मीटर म्हणाला पाच. निवळी घातली, या खेपेला पाठ न करता, त्यांच्या तोंडाकडं तोंड करून. जीभ म्हणाली बास. मीटर बुडवला. सात पूर्णांक आठ. मॅडमनी स्वतः बांधणीचं औषध घातलं. गोळे बसले. साध्या पाण्यात तसेच राहिले, आंबट पाण्यात उलगडले, पिवळं औषध पसरलं.

मॅडमनी मीटरवरचा आकडा वहीत उतरवला. मग म्हणाल्या, "आंबट द्रावणात बांधणी होतच नाही, तात्या. हे आम्हाला सुचायला हवं होतं." मी म्हटलं, व्हय. जरा छाती फुगलीच, खोटं कशाला बोलू. मग त्या म्हणाल्या, "उद्यापासून लॅबमध्ये पाऊल ठेवायचं नाही. स्टोअरला बसा." ते बी बरोबरच.

तेव्हा माप घे. सात पूर्णांक आठ. तुमच्याकडं त्येच्यासाठी बाटलीत चांगलं औषध असतं, चुन्याची गरज न्हाई. उघड्यावर घाल, सगळ्यांच्या समोर, वहीत लिहून. ये.

तात्याबा


सांगली
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

समीक्षा,

अठराला तू आलीस ते मी स्टोअरच्या खिडकीतनं बघितलं. निळा ड्रेस, हातात वही, मान ताठ. दारावरनं गेलीस, थांबली न्हाईस. मी स्टूलावरनं उठून उभा राहिल्तो. बरोबर केलंस. तुझ्या जागी मी असतो तरी थांबलो नसतो.

आत काय झालं ते मला लॅबच्या पोरींनी सांगितलं. एका पाठोपाठ तीन खेपा, तिन्ही बसल्या. कमिटीतल्या टक्कलवाल्या सायबानं स्वतः भांडं हातात धरून बघितलं म्हणं. माझा चुना लागला न्हाई, माझी जीभ लागली न्हाई. ऐकून खिशातली चुन्याची डबी चाचपली, आन् मग मी स्टोअरमधी एकटाच हसलो. पोरीचा हात हाय म्हटलं व्हतं मी, न्हाई का?

आता तुझं पत्र. चार पानी! मला वाटलं शिव्या असतील. त्या हायतच, पहिल्या अर्ध्या पानात, आन् एकीला बी मी नाव ठेवत न्हाई. "तुम्ही विचारलं असतंत तर मी तुम्हाला स्टूल दिलं असतं शेजारी," असं लिहिलंस. ते वाक्य मी चंद्राबाईला वाचून दाखवलं न्हाई. माफ करायला वेळ लागंल म्हणतीस. लागू दे. माझी रिटायरमेंट तीन वर्षांवर हाय, तवर मी हितंच हाय.

नोंदणी टिकली, हे वाचून बरं वाटलं. पण छापलेला पेपर माघारी घ्यायचा का दुरुस्त करायचा, हे अजून ठरायचं हाय म्हणतीस. मॅडमचं म्हणणं, अकराच्या अकरा खेपांत शिपायाचा हात असंल तर त्यातलं काय बी तुझं धरता येणार न्हाई, माघारीच घ्यावा लागंल. एक जरी खेप निखळ तुझी निघाली तर तिच्यावर पेपर उभा राहतो, बाकीच्या खेपांची दुरुस्ती छापायची. आन् पेपर माघारी गेला, तर जग तुला त्याच नावानं वळखणार, पुढं कितीबी गोळे केलेस तरी.

म्हणून तू तक्ता आखून धाडलास. अकरा रकाने. दर खेपेची तारीख, निवळी किती, चव कशी व्हती, सही. आन् सातव्याखाली लाल शाईनं लिहिलंस: "त्या दिवशी मी जुन्या डब्यातलं, दुसऱ्या कंपनीचं जिलेटिन वापरलं होतं. वहीत आकडा सात पूर्णांक सहा आहे. ते आंबट नव्हतंच. तात्या, तेव्हा तुम्ही चुना घातला होता का? नीट आठवून, खरं लिहा."

आठवायची गरजच न्हाई. ती तारीख मला पाठ हाय.

पहिल्या सहा आन् शेवटच्या चार खेपांचे रकाने भरलेत. आयुष्यात पहिल्यांदा माप कागदावर लिहिलं. चौथ्या खेपेला निवळी जरा जास्त झालती, गोळे पिवळट झाले, तू म्हणालीस भुकटी जुनी असंल. भुकटी न्हाई, मी. तसं लिहिलंय. दहाव्या खेपेला सर्दी झालती, चव कळत नव्हती, अंदाजानं घातली. तसं बी लिहिलंय.

सातवीचं आता सांगतो. सोळा एप्रिल. चंद्राबाईचं डोळ्याचं ऑपरेशन मिरजेला व्हतं. मी अर्ज टाकून गेल्तो. रजेचा अर्ज ऑफिसात हाय, मस्टरवर लाल शेरा हाय, परवा जाऊन मी त्येची झेरॉक्स काढली, सोबत जोडलीय. मॅडम म्हणतील शिपाई पोरीला वाचवायला खोटं बोलतोय, तर त्यांना ती दाखव.

सतराला कामावर आलो. म्हटलं, पोरगी हिरमुसून बसली असंल, मी नव्हतो ना. बघतो तर काय, ताटलीत गोळे. सगळ्यात चांगले. एकसारखे, मोत्यासारखे, त्येचाच फोटो पुढं पेपरात आला. तू म्हणालीस, "तात्या, काल तुम्ही नव्हतात, बघा काय भारी झालं." मला आनंद व्हायला पाहिजे व्हता. मला राग आला, समीक्षा. मी ताटलीकडं बघून म्हटलं, "बरे झालेत," आन् ब्रश घेऊन मोरीकडं गेलो. आन् दुसऱ्या दिवसापासनं मनाशी असं धरून चाललो की ती खेप बी माझीच. मागल्या खेपेची निवळी भांड्याला चिकटून राहिली असंल, म्हणून बसली. भांडं मीच घासलेलं, तीन पाण्यांनी, तरी असलं स्वतःला सांगायचो. गेल्या महिन्यात तुला सगळं कबूल करताना बी "अकराच्या अकरा" लिहिलं. कबुली देता देता बी एक खेप लाटली.

तुझ्या घरच्यांना सांग, त्यांची पोरगी खोटं बोलली न्हाई. बिरदेवांनी फोनवर इचारलं व्हतं, मग कुणी केलं. त्यांना हे पत्र वाचून दाखव, सगळं.

तक्त्यातला सातवा रकाना मी शेवटाला ठेवला व्हता. आत्ता चंद्राबाईला समोर बसवून भरला. तिनं खाली साक्षीदार म्हणून सही केलीय. जे लिहिलंय ते असं:

खेप सातवी. १६ एप्रिल २०२४. निवळी घातली न्हाई. चव बघितली न्हाई. तात्याबा लॅबमधी नव्हता. गोळे बसले.